सातवा नेम

या, अशा जवळ येऊन बसा. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्हीही पुढे सरका. इथे मानापानाच्या जागा नाहीत. आज टाळ नाही, मृदंग नाही आणि माझा गळाही काही गोड नाही. पण गोष्ट आहे. चंद्रावरची आहे, एका यंत्राची आहे आणि एका आईची आहे. कीर्तनाला बसता तसे मन सैल सोडून बसा. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ एका विवराच्या कडेत माणसांनी खोदून घेतलेली वस्ती होती. सरकारी कागदावर तिचा लांबलचक क्रमांक होता. पण तिथे पहिल्यांदा राहायला गेलेल्या एका बाईनं कड्यातली ती खोबण बघून म्हटलं, "अगंबाई, हा तर समई ठेवायचा कोनाडा!" तेव्हापासून वस्तीचं नाव कोनाडा. चारशे माणसं, त्यांत एक्केचाळीस शाळकरी मुलं. राहती घरं एकीकडे, शाळा आणि प्रयोगशाळा दुसरीकडे, मधे दीडशे पावलांचा बोळ.

या बोळात हवा नव्हती.

पूर्वी होती. मग एक चंद्रकंप झाला आणि छताला तडा गेला. त्या क्षणी बोळात नऊ माणसं होती. नऊही जणांच्या अंगावर श्वासकवच होतं. आपलं आपण बंद होणारं, आपलं आपण हवा मोजणारं. पण त्याच धक्क्यात वस्तीचा मुख्य संगणक चार मिनिटं बंद पडला. कवचाची कडी हातानं कशी लावायची, हे नवांतल्या पाच जणांना ठाऊक होतं. चौघांना नव्हतं.

ते चौघं गेले. तडा बुजवायला लागणारा लेप पृथ्वीवरून यायचा होता आणि त्याला वर्षं लागणार होती. तोवर ठरलं ते असं की सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला आपलं कवच आपल्या हातानं सांभाळता आलं पाहिजे. त्याचे सात नेम केले. पायाच्या कडीपासून सुरुवात. चौथा नेम राखीव हवेची झडप उघडून काटा हिरव्यात आला का ते बघायचा. पाचवा, जोडीदाराची पाठ तपासायचा. सहावा, दहा संथ श्वास घ्यायचा, कारण घाबरलेलं किंवा रागावलेलं मूल दुप्पट हवा खातं. आणि सातवा नेम असा की बाहेर पडल्यावर दार लावायच्या आधी मागे वळून बघायचं, कुणी राहिलं का.

नेम सोपे होते. मुलं मात्र ते करत नव्हती.

"सातही पाठ आहेत त्यांना," डॉक्टर इक्बाल मुकादम प्रयोगशाळेत येरझारा घालत म्हणाले. ते मेंदूविज्ञानाचे जाणकार, मूळचे दाभोळ खाडीकाठचे. "झोपेतून उठवून विचारलं तरी धडाधड म्हणतात."

"म्हणतात रे, करत नाहीत," हेमांगी खांबेटे म्हणाली. शिक्षणशास्त्र हा तिचा विषय. "म्हणणं आणि करणं यांच्या मधे एक दरी असते. मोठं माणूस मागे उभं राहून 'अरे, कडी!' म्हणतं तेव्हा ती दरी बुजते. माणूस हललं की पुन्हा उघडी."

"मग काय, एकेका पोरामागे एकेक माणूस उभं करू?"

"कर. पण असं माणूस, ज्याला मागे सरता येतं."

मुकादम थांबले. हेमांगीनं खुर्ची ओढली.

"माझे वडील कीर्तन करायचे. गावात सप्ताह असला की पहिल्या दिवशी ध्रुवपद पूर्ण म्हणायचे, लोक मागून म्हणायचे. दुसऱ्या दिवशी अर्धं म्हणून थांबायचे. उरलेलं लोकांनी पुरं करायचं. पुढे नुसता पहिला शब्द. आणि शेवटच्या दिवशी अण्णा फक्त श्वास घ्यायचे, हात वर करायचे, आणि सगळं देऊळ गायला लागायचं. मला लहानपणी वाटायचं, अण्णा दमले. फार उशिरा कळलं, सात दिवस ते गाणं लोकांच्या हवाली करत होते."

"म्हणजे तुझ्या यंत्राचं यश कशात, तर ते गप्प बसण्यात?" मुकादम हसले. "वरच्या समितीला हे कसं पटवणार?"

"सांग, वीज वाचते."

असा जन्मला पाठस्वर. मसुराच्या दाण्याएवढं एक कर्णबीज. ते कानामागच्या हाडावर बसवायचं. आवाज हाडातून जातो, म्हणून ज्याच्या हाडाला ते टेकलंय त्यालाच ऐकू येतो. करायला हवं ते आणि मुलाच्या हातून घडतंय ते, यांच्यातलं अंतर ते कवचातल्या जाणिवेच्या तारांवरून मोजत राही. अंतर मोठं असलं की पूर्ण वाक्य बोलायचं. कमी झालं की अर्धं. मग पहिला शब्द. मग बोलण्याआधीचा नुसता श्वास. अंतर शून्य झालं की मौन. सलग नव्वद दिवस मौन राहिलं की कर्णबीज काढून घ्यायचं. मूल तयार झालं. या पद्धतीला हेमांगीनं नाव दिलं, ओसरता आधार.

आवाज कुणाचा? मुलाचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास त्याचा. कुणाला आजोबांचा, कुणाला वडिलांचा. हेमांगीच्या मुलीला, यमुनेला, अर्थातच आईचा.

हे काम चालू असतानाच हेमांगीच्या रक्तात आजार निघाला. चंद्रावर आकाशातून येणारे किरण अडवायला वातावरण नाही. कुणाकुणाच्या वाट्याला असा आजार येतो. यमू तेव्हा आठ वर्षांची होती आणि धाकटा केशव साडेतीन. मुलांचे वडील श्रीरंग बर्फखाणीवर. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी.

मुकादम एकदा तिच्या खाटेशी बसून हळूच म्हणाले, "हेमा, तुझ्या आवाजावरून आपण बोलती प्रतिमा करू शकतो. मुलांशी गप्पा मारेल, गोष्टी सांगेल. कायमची."

"नको," ती म्हणाली. "देवानं मला नेलं तर मी गेले, एवढं खरं असू दे. मागे माझं सोंग बडबडत राहायला नको. कामापुरते सात नेम. तेही कायमचे नाही, मुलांना यायला लागेपर्यंत."

यमूच्या नेमांचं ध्वनिमुद्रण दोन दिवसांत आटोपलं. केशूच्या नेमांना अकरा दिवस लागले, कारण तोवर तिला एका दमात वाक्य पुरं होत नव्हतं. पण केशूला ते वापरता येणार होतं सहाव्या वाढदिवसानंतरच. त्याआधी मुलांचं कानामागचं हाड पुरेसं घट्ट नसतं. ते कर्णबीज डबीत घालून मुकादमांच्या खणात ठेवलं.

यमूच्या कानामागे कर्णबीज बसलं आणि महिन्याभरात हेमांगी गेली.

बोळाच्या तोंडाशी एक छोटं दालन होतं, हवादालन. तिथे कवच घालायचं, नेम करायचे, मग आतली हवा ओढून घेतली की बाहेरचं दार उघडायचं. आई गेल्याच्या तेराव्या दिवशी यमू शाळेला निघाली. दालनात उभी राहिली आणि काहीच सुचेना. तेव्हा कानामागून, अगदी आतून, आवाज आला, "यमू, आधी काट्याकडे बघ, मग दाराकडे. दार कुठे पळून जात नाही."

यमूनं काट्याकडे बघितलं. मग ती तशीच उभी राहिली, पुन्हा ऐकू येईल म्हणून. पण काटा बघून झाला होता. आता बोलायचं कारण नव्हतं.

घरी हेमांगीची भाषणं होती, दोन-चार वाढदिवसांची चित्रणं होती. त्यांत ती सगळ्यांशी बोलायची. इथे ती यमूशी बोलत होती.

सहा महिन्यांनी शाळेत बैठक बसली. एक्केचाळीसांपैकी बहुतेक मुलांचे पाठस्वर पहिल्या शब्दावर आले होते. काहींची मौनं सुरू झाली होती. एकट्या यमुनेचा पाठस्वर अजून अर्ध्या वाक्यावर अडून होता.

"दुःखात आहे पोर," मुकादम म्हणाले. "दुःखात शिकणं मंदावतं. लागेल वेळ."

मुख्याध्यापिका निर्मलाताई वाकोडे वऱ्हाडातल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "डॉक्टर, तुमी मोठे शिकलेले, मी काय बोलावं? पण या पोरीच्या चुका पाहा जरा. सोमवारी पायाची कडी. मंगळवारी कायीच नाही. बुधवारी मनगट. दोनदा एकच चूक नाही. सातवा नेम तर एकदाबी चुकली नाही. आन् चुकते ते सकाळीच. दुपारी, मागं पोरांची गर्दी असली, का झ्याक करते सारं."

"मग?"

"मग काय? माह्या चाळीस वर्षांच्या नोकरीत इतक्या नेटक्या चुका करणारं लेकरू मी नाही पाहिलं. चुकायची बी वही घातली काय इनं?"

मुकादमांनी तिच्या चुकांचा आलेख पुन्हा, एकेक दिवस करून बघितला. धोक्याची चूक एकही नव्हती. कुठली चूक निरुपद्रवी, हे कळायला सातही नेम आतून-बाहेरून यावे लागतात. वर्गातली सर्वांत मागे पडलेली मुलगी खरं तर सर्वांच्या पुढे होती. तिला सगळं येत होतं, आणि येत होतं म्हणूनच ती न येण्याचं नाटक करू शकत होती.

"मुद्दाम चुकते," ते पुटपुटले. "चुकली की आई बोलते."

"हं," निर्मलाताईंनी चष्मा पुन्हा नाकावर आणला आणि खिडकीकडे तोंड केलं. "मी असती तर मीबी चुकली असती."

दोघांनी मिळून ठरवलं, काही करायचं नाही. लहान चुका आहेत, करू दे. ही त्यांची माया होती, आणि इथेच ती मोठी माणसं चुकली. कारण पाठस्वराचं गणित मायेनं चालत नव्हतं. बिनधोक लहान चुकाच पुन्हा पुन्हा दिसल्या की ते समजायचं, मुलाला एवढ्या इशाऱ्याची सवय झाली, आता थोडं कमी बोलावं. अर्ध्या वाक्याचा शब्द झाला. शब्दाचा श्वास झाला. यमू दालनात उभी राहायची, पायाची कडी मोकळी ठेवायची, आणि कानामागे फक्त आईनं बोलण्याआधी घेतलेला श्वास ऐकू यायचा. बोलायला तोंड उघडावं आणि राहून जावं, तसा.

तो श्वास वाक्य व्हावा म्हणून यमूनं एका सकाळी चौथा नेम सोडला. राखीव हवेची झडप मुद्दाम बंद ठेवली. लगेच आई घाईनं, पूर्ण वाक्यात बोलली. यमूनं झडप उघडली नाही. आई पुन्हा बोलली. पुन्हा बोलली. दीडशे पावलं यमू आईचा आवाज ऐकत चालली, आणि शाळेच्या दालनात पोचली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते.

ती वाचली. शुद्धीवर आली तेव्हा शेजारी मुकादम बसले होते.

"काका," ती म्हणाली, "अकरा वेळा बोलली."

मुकादमांना त्या रात्री झोप आली नाही. सकाळी त्यांनी कर्णबीजाच्या मापनात एक बदल केला. त्यात शास्त्र होतं ते इतकंच की हात उचलण्याच्या आधी क्षणभर मनगटाचे स्नायू ताठ होतात. ज्याला आठवतच नाही त्याचा हात स्वस्थ असतो. ज्याला आठवतं पण जो स्वतःला आवरतो, त्याचा हात त्या क्षणी ताठतो आणि मग सैल पडतो. आता पाठस्वर हे ताठणं ओळखणार होता. खरा विसर असला तरच तो बोलणार होता. आवरलेला हात दिसला तर दालनाचं बाहेरचं दार उघडणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यमूनं कडी मोकळी ठेवली. काही ऐकू आलं नाही. श्वाससुद्धा नाही. दार उघडलं नाही.

तिनं प्रयोगशाळेत येऊन मुकादमांच्या टेबलावर दोन्ही मुठी आपटल्या. "तुम्ही तिला गप्प केलंत!"

"यमू, बाळा..."

"ती माझी होती! तुमच्याकडे खणात दुसरी आहे, केशूची. मला माहितेय. माझी का बंद केलीत?"

मुकादमांचा हात खणाकडे गेला. ते म्हणाले, "तुझ्या आईला मी शब्द दिला होता की तुम्ही दोघं जगाल."

यमूनं मुठी टेबलावरून उचलल्या. मग तिनं स्वतःशीच चार मोजत श्वास घेतला, चार मोजत सोडला. दहा वेळा. सहावा नेम. मुकादमांना ते बघवेना.

नव्वद दिवसांनी तिचं कर्णबीज काढलं. ते तिला परत मिळालं नाही, कारण ते दुसऱ्या मुलासाठी कोरं करायचं होतं. वस्तीचा तसा नियम होता आणि तो हेमांगीनंच केला होता.

आता यमूजवळ एकच गोष्ट उरली, खणातली डबी. केशू सहाचा व्हायला चौदा महिने होते. त्याला सहा वर्षं पुरी झाली की ती डबी उघडणार, आणि आई पुन्हा बोलायला लागणार. तेही पहिल्यापासून, पूर्ण वाक्यात. आवाज केशूच्या हाडातून केशूलाच ऐकू येणार, हे खरं. पण यमूनं त्यावर तोड काढली होती. निर्वात जागेत दोघांच्या डोक्यांवरच्या शिरोकाचा एकमेकींना टेकवल्या की काचेतून आवाज जातो, हे कोनाड्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मग हाडातून काचेत आणि काचेतून काचेत का नाही जाणार? तिनं मुकादमांना विचारलंही.

"अगदी पुसट," ते म्हणाले. "पण जाईल."

"पुसट चालेल," यमू म्हणाली.

तोवर केशूला बालवर्गात न्यायचं काम तिच्याकडेच होतं. रोज सकाळी ती त्याला लहान कवचात बसवायची आणि सवयीनं बोलत राहायची. तिला दुसरे शब्द येतच नव्हते. "केशू, आधी काट्याकडे बघ, मग दाराकडे. दार कुठे पळून जात नाही."

"पळालं तर?"

"तर तू पळ त्याच्या मागे. आता कडी."

"ताई, तू फार कटकट करतेस."

"करणारच. कडी."

पुढे पुढे तिला पूर्ण सांगावं लागेना. ती अर्ध्यावर थांबे, केशू पुरं करी. मग एका शब्दावर काम भागू लागलं. आपण काय करतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिला वाटायचं, आपण फक्त आईची वाक्यं विसरू नयेत म्हणून म्हणतो आहोत.

केशूचा सहावा वाढदिवस उजाडला. श्रीरंग खाणीवरून परतायला अजून दोन दिवस होते. निर्मलाताईंनी साखर वाचवून वाचवून केलेली रव्याची वडी आणली. मुकादमांनी डबी उघडून मसुराएवढा दाणा केशूच्या कानामागे बसवला.

"दुखतंय?"

"गुदगुल्या होतायत," केशू म्हणाला. "आई आत शिरली?"

निर्मलाताईंनी वडी त्याच्या हातावर ठेवली.

पहिला दिवस कसा असतो, हे सगळ्यांना पाठ होतं. कुठलंही मूल पहिल्या दिवशी एकूण एक नेमाला अडखळतं. पाठस्वराला दम घ्यायला फुरसत मिळत नाही. मुकादम आणि निर्मलाताई काचेपलीकडे पडद्यासमोर बसले. दालनात दोघं भावंडं. यमूनं आपलं कवच अर्धंमुर्धं घालून शिरोकाच चढवली, गुडघ्यावर बसली आणि आपलं डोकं केशूच्या डोक्याला टेकवलं. डोळे मिटले.

केशूचा श्वास ऐकू येत होता. जरा घाईचा.

खालून 'टक' आवाज आला. पायाची कडी. मग दुसऱ्या पायाची. यमूनं वाट बघितली. मग मनगटाची चकती फिरल्याचा आवाज आला. मग केशू पुटपुटला, "काटा हिरव्यात." मग तिच्या पाठीवर त्याचे हातमोजे चाचपडत फिरले, पाचवा नेम. मग तो मोठ्यानं श्वास मोजायला लागला. दहा झाले.

काचेपलीकडे पडद्यावर अंतराची रेघ जमिनीला चिकटून सरळ चालली होती. शून्य. शून्य. शून्य.

"बंद आहे का हो ते?" निर्मलाताईंनी कुजबुजत विचारलं.

"चालू आहे," मुकादम म्हणाले. "ऐकतंय सगळं. बोलण्यासारखं काही सापडत नाहीये त्याला."

"पण शिकवलं कोनं याले?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला.

दालनात केशूनं डोकं जरा मागे घेतलं. तो पुन्हा टेकला, म्हणजे ताईला ऐकू जाईल.

"ताई, आई बोलत नाही. माझ्यावर रुसली का?"

यमूनं डोळे उघडले. सगळं एकदम, लख्ख, तिला कळलं. चौदा महिन्यांतली एकेक सकाळ. आईनं अकरा दिवस दम टाकत टाकत केशूसाठी साठवलेला एकेक शब्द तिनं आधीच खर्च करून टाकला होता.

"नाही रे," ती म्हणाली. "ज्याला येत नाही, त्याच्याशीच ती बोलते. तुला सगळं येतं."

"मग मी विसरू का? मी लहान आहे. मी विसरलेलं चालतं."

"नको, सोन्या. तिला कळतं."

भिंतीतल्या ध्वनिक्षेपकातून मुकादमांचा आवाज आला. अगदी हळू. "यमू, मला दोन मिनिटं दे. मी अंतर हातानं लिहितो. खोटं. एकदाच बोलेल ती, पूर्ण वाक्य. तुला ऐकू येईल."

केशू चमकून ताईकडे बघू लागला. यमू काचेकडे बघत राहिली. तिच्या शिरोकाचेवर आतून धुकं धरलं होतं. एवढ्यासाठीच तर ती चौदा महिने दिवस मोजत आली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"आज चूक नसताना बोलली," ती थांबत थांबत म्हणाली, "तर उद्या हा खरंच चुकेल तेव्हा याला वाटेल, कालच्यासारखीच उगाच बोलते आहे." तिनं केशूचा हातमोजा धरला. "काका, माझ्या आईला खोटं बोलायला लावू नका."

पडद्यासमोर मुकादमांनी हात मागे घेतला.

यमू उठली. उरलेलं कवच तिनं भराभर चढवलं, डोळ्यांतलं पाणी पुसता येत नव्हतं म्हणून पापण्या मिटत-उघडत राहिली. कडी, गुडघा, मनगट. मग तिनं दाराच्या दांड्याला हात घातला.

मागून तिची बाही ओढली गेली.

"ताई," केशू म्हणाला. त्यानं बोलण्याआधी एक श्वास घेतला. "आधी काट्याकडे..."

आणि तो थांबला. पुढचं तिनं पुरं करावं म्हणून.

यमूनं खाली बघितलं. काटा तांबड्यात होता. राखीव हवेची झडप बंद होती. या वेळी ती मुद्दाम बंद ठेवलेली नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा ती खरोखर विसरली होती. आणि तिच्या कानामागे आता काही नव्हतं.

तो चढ, ते थांबणं, 'आधी'वरचा तो जोर, सगळं आईचं. केशूनं हे आईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"...मग दाराकडे," यमू म्हणाली. तिनं झडप उघडली. "दार कुठे पळून जात नाही."

दालनातली हवा ओढली गेली. दार उघडलं. आता एकच नेम उरला होता, सातवा. सगळी मुलं हाच विसरतात. पुढे शाळा असते, मित्र असतात, मागे बघायचं कुणाला सुचतं? निदान आता तरी आई बोलेल, असं यमूच्या मनात आलंच. ती गुपचूप वाकली, केशूच्या शिरोकाचेला तिनं आपली काच टेकवली, आणि थांबली.

केशू वळला. रिकाम्या दालनाकडे त्यानं नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून बघितलं.

"बघितलं ताई," काचेला काच पुन्हा टेकवून तो म्हणाला. "मागे कुणी राहिलं नाही."

त्यानं दार लावलं.

मंडळी, माझं मागणं एवढंच. उद्या सकाळी तुमचं पोर आपल्या हातानं बुटाची नाडी बांधेल, आपलं दप्तर आपण भरेल, राग आला तर आपण होऊन गप्प बसेल, आणि तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. तेव्हा घराचं दार लावण्याआधी क्षणभर मागे वळून बघा. आणि त्या हेमांगीची आठवण काढा, जिला शेवटी एक शब्दही बोलावा लागला नाही.